नकाशाचा पत्रा

जेटीवर लावायला नकाशा हवा होता.
आठ बाय चारचा पत्रा, पांढऱ्या प्रायमरचे दोन हात,
वर ठळक : मनोरी. खाली बारीक : प्रेक्षणीय स्थळे.
व्यापारी मंडळाने मला चहाला बोलावलं
आणि विचारलं, पेंटर, किती घ्याल?
मी म्हटलं, आधी काय काय दाखवायचं ते ठरवा.

तिथेच घोडं अडलं.

समुद्र सगळ्यांना मान्य. पण समुद्राचे पैसे कोण देणार,
असं खजिनदार इनास मुर्झेलो म्हणाला, आणि हसला नाही.
चर्च मान्य. मागचा खडक, जिथून सूर्य बुडताना दिसतो,
तोही मान्य, कारण वाटेत मुर्झेलोचंच सोडावॉटर.
मग दर ठरला : नावाला तीनशे, बाणासकट चारशे,
पाचशेत छोटंसं चित्रसुद्धा.

'सी ब्रीझ कॉटेज'ने चित्र घेतलं.
माड दोन काढा, रोझलिनबाई म्हणाल्या,
आहे एकच, पण दुसरा लावणार आहोत.
दशरथ वैतीने खानावळीचं नुसतं नाव घेतलं
आणि 'घरगुती' हा शब्द वर फुकटात मागून घेतला.
सायकलवाल्या फेलूला तासाचा भाव हवा होता.
मी म्हटलं, भाव वाढतो रे, पत्रा तोच राहतो.
त्याने नखं खात विचार केला. मग म्हणाला, 'माफक' लिहा.

उंटवाला बिरमाराम दाराबाहेर उभा,
तीनशे रुपये मुठीत.
पोरं येतात ती उंटासाठीच, साहेब.
खोटं नव्हतं. पण उंट सकाळी खाडीकडे,
दुपारी सुरूंच्या सावलीत, संध्याकाळी पाण्याशी;
त्याला नकाशात बांधू कुठे?
शेवटी निळ्या रंगात थोडी जागा उरली होती, तिथे काढला.
पोहतोय असं वाटतं.
बिरमाराम खूश. चर्चपेक्षा मोठा झालाय, म्हणाला हळूच.

बोंबलांच्या वलांड्या कुणी सांगितल्या नाहीत.
वासाने गिऱ्हाईक पळतं, म्हणे.
तेवढ्या जागेत मी हिरवा भरला, बाग असावी तसा.
चांगुणा पाटी डोक्यावर घेऊन बघायला आली,
बराच वेळ बघत राहिली.
माज्या बोंबलांवर गवत उगवलास काय रं, पेंटर?
त्या रात्री ताटात तिचेच बोंबील होते.
मी खाली मान घालून जेवलो.

सगळ्यात शेवटी लाल ठिपका.
त्याचे पैसे कुणी दिले नव्हते, पण त्याच्याशिवाय नकाशा कसला.
आपण येथे आहात :
फेरीबोटीतून पहिला पाय जिथे पडतो, बरोबर तिथे,
आठ आण्याच्या नाण्याएवढा.

पत्रा जेटीवर तीन महिने टिकला.
मोटरसायकली चढवायला अडतो म्हणून बोटवाल्यांनी उचलला
आणि रिक्षास्टँडमागे भेंडीच्या झाडाला टेकवला.
आता रिक्षाजवळ घाम पुसत उभी असलेली माणसं
नकाशाप्रमाणे अजून जेटीवरच.
दोन कुटुंबं चर्च शोधत उलटी खाडीवर गेली.
मंडळ म्हणालं, ठिपका हलवा, शंभर घ्या.

बुधवारी दुपारी डबा घेऊन गेलो. स्टँडवर एकच रिक्षा, तीही झोपलेली.
ठिपका नव्हताच.
आलेल्या प्रत्येकाने तिथे बोट टेकवलं होतं :
आपण इथे, मग आता कुठे?
लाल गेला, प्रायमर गेला,
आतला पत्रा उघडा, चकचकीत, तव्याच्या मधोमध असतो तसा.
बाकी सगळं जसंच्या तसं. दोन्ही माड ताजे.
'घरगुती'वर धूळ.

जुनी जागा मी रंगवली नाही. का, ते सांगता येणार नाही.
भेंडीपाशी नवा ठिपका काढला, ब्रश पुसत होतो,
तेवढ्यात बोटीतून उतरलेलं एक पोरगं धावत आलं.
अरे, ओला आहे, म्हणेपर्यंत
त्याने बोट टेकवलं होतं.
लाल बोट वर धरून
ते उंट-उंट ओरडत सुटलं, नकाशाकडे न बघता,
बरोबर सुरूंच्या दिशेने.