किल्ली काढल्यावरही

फेब्रुवारीतल्या त्या रात्री थंडर बेमध्ये उणे एकतीस होतं
आणि आयली कांगासच्या गॅरेजमधली
चौदा महिने जागची न हललेली गाडी
आपणहून पेटली.

'आपणहून' हा शब्द नंतरचा.
त्या रात्री तो कुणाच्याच तोंडी नव्हता.

आधी वास आला, प्लास्टिकचा, गोडसर.
मग माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नारिंगी झाली,
मग तिच्या बाजूची माझी भिंत, व्हायनलची,
न पिळता वाळत घातलेल्या चादरीसारखी
ओघळत खाली आली.
आयली अंगणात. अंगात नाइटगाउन, पायात राइमोचे बूट,
हातात, का कोण जाणे, कॉफीची किटली.
बंबाचं पाणी पडतापडता गोठत होतं.
सकाळी दारात काळा बर्फ, आणि त्यात रुतलेलं
सीटबेल्टचं बक्कल, अर्धा आरसा,
राइमोच्या मासेमारीच्या डब्यातली शिशाची वजनं,
वितळून एकच झालेली.

कॅप्टन बूशेने तिला तीनदा विचारलं, सिगारेट ओढता का?
ती तीनदा नाही म्हणाली,
तिसऱ्यांदा फिनिशमध्ये.
मग तो माझ्याकडे आला.

मी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते:
नवरा गेल्यापासून ती रात्री गाडीत जाऊन बसते.
गाडी चालवत नाही. दीर येतो, बॅटरी चार्ज करून जातो.
गॅरेजच्या छोट्या खिडकीतून मला दिसतं.
अंधारात एक लाल ठिपका असतो.
पेटतो, विझतो. पेटतो, विझतो.

त्याने ते लिहून घेतलं.
विम्याच्या माणसाने त्याच्याकडून घेतलं.
चेक आला नाही.
मार्चभर दुकानातली माणसं आयलीशी
जरा जास्तच हळू आवाजात बोलत होती.

एप्रिलमध्ये बर्फ सुटला तेव्हा तिने मला बोलावलं.
वेलचीचा पाव केला होता.
टेबलावर एक अख्खा खण उपसून ठेवलेला,
सगळी राइमोच्या नावाची पत्रं, न फोडलेली.
दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडू नये, ती म्हणाली,
मेला म्हणून काय, त्याचीच ना ती?
त्यात तीन गाडीच्या कंपनीची, एकसारखी.
मी वाचून दाखवलं:
ब्रेकच्या एका पेटीत ओल शिरते.
तिथली तार किल्ली काढल्यावरही जागी असते.
दुरुस्ती होईपर्यंत गाडी उघड्यावर लावावी,
घरापासून लांब.

खाली एक फुकटचा नंबर होता.
तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.
पलीकडच्या मुलीने विचारलं, गाडी सध्या घराबाहेर आहे का?
आहे, आयली म्हणाली. भंगारवाल्याकडे.
बरीच लांब आहे.

मुलगी गप्प. मग बटणांची टकटक.
त्या टकटकीत आयलीने विचारलं:
पुढे एक लाल दिवा असतो ना, चोरांसाठी,
लुकलुकणारा. तो मी बंद करायला हवा होता का?
मला बरा वाटायचा तो.
कुणीतरी जागं आहे असं.

नाही हो, मुलगी म्हणाली, त्याचा काही संबंध नाही.
तुम्ही काहीच केलेलं नाही.
कुणीच काही केलेलं नाही.

मी पावाकडे बघत राहिले.
आयलीने आणखी एक तुकडा माझ्या बशीत ठेवला,
न विचारता. कडेचा, जास्त साखरेचा.
तिला ठाऊक होतं का, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बूशेला फोन केला.
तो म्हणाला, लेखी द्या. अर्ध्या पानात बसवा.

भिंत आता नवी आहे, रंग जुळला नाही.
बसवायला गेले, अर्ध्या पानात हे बसेना.
खरं तर एवढंच द्यायचं होतं:
ठिपका मी पाहिला.
त्याच्यामागचा हात मी घातला.