पाच टक्क्यांखालचे

सदरच्या त्या ऑफिसात, कूलरच्या ओल्या वाळ्यासमोर
बत्तीस वर्षं मी देश रंगवला.
जिल्ह्याला रंग एकच, ज्याची डोकी जास्त त्याचा.
पाच टक्क्यांखालचे दाखवायचे नाहीत,
बारलिंगे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
जागा पुरत नाही.

पंजाब सोपा. मिझोराम सोपा.
लेह एका बाटलीतलं, कारगिल दुसऱ्या,
मध्ये केसाएवढी रेघ, तिथं श्वास धरायचा.
केरळात मात्र ब्रश धुऊन धुऊन
पाण्याचा ग्लासच कुठल्या धर्माचा राहायचा नाही.
नागपूर अंगठ्याच्या नखाएवढं.
ब्रश टेकला न टेकला की पिवळं.

ते नख ओलांडायला मला सायकलनं तास लागायचा.

मोमिनपुऱ्यात तंदुरीचा धूर डोळ्यांत जायचा,
इतवारीत मुर्तुजाभाई, सोनेरी काठाची टोपी सावरत,
पाव किलो खिळे तोलून वर दोन टाकायचे,
आणि शेजारचे आनंदीलाल शेठ
दिवेलागणीच्या आत जेवायला म्हणून
अर्ध्या गिऱ्हाइकात गल्ला मिटायचे.
हे सगळे पाच टक्क्यांखालचे.

आमचा चपराशी डोमाजी फाइल ठेवताना
‘दंडवत प्रणाम’ म्हणायचा. नमस्कार नाही.
ऑफिसच्या गणपतीला वर्गणी द्यायचा, हात जोडायचा नाही.
नकाशात तो पिवळ्यात विरघळलेला.
टायपिस्ट ग्रेसी तिरपुडे दर डिसेंबरात बजावायच्या,
‘सेमिनरी हिल्सवरचे ते कॅथलिक, आम्ही नाही बरं.’
मी म्हणायचो, मॅडम, बाटली एकच आहे.

मैनाबाई मडावी, देवलापारकडची,
टेबलाखालची रद्दी उचलता उचलता थांबली एकदा.
‘आमी कुटं हावो यात?’
साहेब चष्म्यावरून म्हणाले, ‘इतर.’
‘इतर? ते कोनतं गाव होय, भाऊ?’
मग स्वतःच हसली,
‘आमचा देव साजाच्या झाडात रायते.
झाडाले कोनता रंग लावसान?’
साहेबांनी त्या दिवशी चहा दोनदा मागवला.

मी काही बोललो नाही.
माझ्याही घराचा रंग त्या नखावर नव्हता.
लष्करीबागेतलं घर, दोन खोल्या, पुढे कडुनिंब.
संध्याकाळी हात धुताना
बोटांवरचा पिवळा साबणाला दाद द्यायचा नाही,
बायको म्हणायची, हळद लागलीय का तुम्हाला पुन्हा.

एकसष्टच्या शिरगणतीला एक गुरुजी दारात आले होते,
घामेजलेले, काखेत कागदांची चळत.
नाव, वय, धंदा, सगळं टाकानं लिहिलं.
धर्माच्या रकान्याशी आले,
कानावरची पेन्सिल काढली.

आईला अक्षर येत नव्हतं.
पण टाक कोणता, पेन्सिल कोणती, हे येत होतं.
‘शाईनं लिवा, गुरुजी.’
‘शाई संपली, बाई.’
‘बसा मंग.’
तिनं त्यांना पाणी दिलं, पंख्यानं वारा घातला,
दार अडवून उभी राहिली,
आणि मला पिटाळलं चार घरं सोडून,
बोरकरमास्तरांच्या माडीवर.

बिनबुचाची दऊत दोन्ही हातांत धरून
मी उन्हातून धावत आलो, अनवाणी.
तिला पाच वर्षांत जे दहादा सांगावं लागलं होतं
ते गुरुजींनी एकदाच लिहिलं, चार अक्षरी,
फुंकर मारून वाळवलं.

येताना थोडी सांडली होती.
अंगठ्याचं नख निळं झालं माझं.
आठवडाभर गेलं नाही.