मानशीचं दार

शिरोड्याला बारावीच्या वर्गात राज्यशास्त्र शिकवते मी.
अमेरिकेची घटना, सहा गुण, हमखास.
फळ्यावर तीन चौकोन काढते:
कायदे करणारे, राबवणारे, तपासणारे,
मधले बाण दोन्ही बाजूंनी.
झुवारीवरून वारा येतो
आणि राष्ट्राध्यक्षाच्या चौकोनातला खडू
भुरभुर काँग्रेसवर पडतो.
"काँग्रेस म्हणजे टीचर, आपली?"
"नव्हे रे. त्यांची."
मागचे बाक हसून घेतात.

सांगते: कर द्यायचा आम्ही आणि बोलायचं तुम्ही,
एवढ्यावरून सुरू झालं सगळं.
मग सतराशे सत्त्याऐंशीचा उन्हाळा,
बातमी फुटू नये म्हणून खिडक्या लावलेल्या,
आत जाड कोटांतले पन्नासेक पुरुष
घामानं निथळत बसलेले.
राजाला तर हाकलून झालं होतं.
आता भीती कोणाची?
एकमेकांची. स्वतःचीही, थोडी.

वर्ग गप्प. समजलेलं नाही, हे मला समजतं.
"पुस्तकं मिटा. मानस बघितली आहे ना?"
सगळ्यांनी बघितली आहे.
भरतीचं पाणी स्वतःच ढकलून दार लावून घेतं,
ओहोटीला शेतातलं पाणी ढकलून उघडतं.
राखणदाराला डुलकी लागली तरी चालतं.
ते दार कुणाच्या चांगुलपणावर विसंबत नाही,
नदीच्या नाही, शेताच्याही नाही.
"एवढंच केलं त्यांनी," मी म्हणते,
"पाण्यासमोर पाणी उभं केलं."

इझिल्दा कुलासो हात वर करते. कधी करत नाही.
"गुलाम मोजताना तीन-पंचमांश धरायचा, असं दिलंय.
मग त्याचं मत कुणाला जायचं?"
"त्याला मतच नव्हतं."
"मग मोजला कशाला?"
"मालकांच्या राज्यांना जागा जास्त मिळाव्यात म्हणून."
ती वहीत पाच रेघा ओढते,
दोन खोडते,
उरलेल्या तिनांकडे बघत बसते.

माझे आजोबा मानस राखायचे.
पुनवेच्या उधाणात कंदील घेऊन रात्रभर बांधावर,
खांड पडली तर चिखलाची ढेकळं छातीशी धरून
पहिले तेच पाण्यात.
कोमुनिदादीची सभा भरायची,
अमेरिका जन्मायच्या कितीतरी आधीपासून भरत आलेली.
मानशीच्या मासळीची पावणी व्हायची,
बांधाच्या खर्चाचा हिशेब,
मग जोण वाटली जायची,
गांवकारांना, त्यांच्या मुलग्यांना.
आजोबा पायरीखाली उभे,
पाणी कुठवर चढलंय ते सांगायला.
विचारलं तर.

हे वर्गात बोलत नाही मी.
एवढंच म्हणते की त्या घटनेचा पहिला शब्द
मराठीत आणायचा तर दोन वाटा आहेत.
'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो,
'आपण' म्हटलं की आत येतो.
त्यांच्याकडे दोन्हींना मिळून एकच शब्द,
म्हणून कळायला इतकी वर्षं लागली असतील,
शिवाय एक यादवी.

इझिल्दा मान हलवते. पटल्यासारखी.
मलाच पटत नाही.
आपल्याकडे तर शब्द दोन होते,
आजोबा तरीही पायरीखालीच.

घंटा झाली. संध्याकाळी बांधावरून घरी निघाले.
मानशीच्या दाराची खालची फळी कुजली आहे.
भोकातून एक कुर्ली ये-जा करतेय,
भरती-ओहोटी काही न पाळता,
आणि मागच्या शेतात
भाताच्या जागी खारं गवत.
दार आपोआप चालतं, असं दुपारी शिकवलं मी.
फळी कोण बदलतं, ते राहूनच गेलं.
माट्टीचं लाकूड लागतं. ओहोटीच्या दोन तासांत
कुणीतरी कमरेएवढ्या चिखलात उतरावं लागतं.

उद्याचा धडा घटनादुरुस्ती.
इझिल्दा विचारणार.