बेचाळिसावी फुली

रात्री दोनला ती सुरू होते.
मागचा पाय फरशीवर, टक टक टक,
कुणी घाईचा निरोप आणावा
आणि दार उघडलं तरी ठोठावतच राहावं, तसा.
गळपट्ट्याचा बिल्ला वाजायचा,
तो मी मार्चमध्ये काढून ठेवला.
फरक एवढाच पडला
की आता बिल्ला वाजत नाही म्हणून जाग येते.

नाव तिचं कुमरा.
आमच्याकडे, गिझबर्नला, रताळ्याला म्हणतात.
आणली तेव्हा तशीच होती,
तांबूस, दोन्ही टोकांना निमुळती, माती लागलेली.
आता काखा काळ्या, जाडभरड,
पोटावर चट्टे,
पंजे चाटून चाटून गंजाच्या रंगाचे,
आणि कानांना वास
पावसात विसरलेल्या पावाचा.

डॉक्टर शोनाग म्हणाली, हे बरं होत नसतं,
हे सांभाळायचं असतं.
किती दिवस?
तिचे जितके आहेत तितके.
मग बिल छापून येईपर्यंत
आम्ही दोघी भिंतीवरच्या मांजरीकडे बघत राहिलो.

कुंपणालगत ती सरपटणारी वेल होती,
पांढऱ्या नाजूक फुलांची, दिसायला गरीब.
तीन रविवार उपटली.
एक पेर मातीत राहिलं की झालं,
गुरुवारी पुन्हा हिरवी.
किकुयू गवत तर उपटायचंही कुठं कुठं,
अख्खं गावच त्यावर अंथरलेलं.
शेजारचा ब्रायस म्हणाला, व्हिनेगर.
मेरेआनाने कावाकावाची पानं तेलात उकळून
मलम पाठवलं बरणीभर.
कुमराने ते आवडीनं चाटलं.
उरलेलं पापाच्या गुडघ्यांना लावलं,
त्यांना मात्र गुण आला.

मग पथ्य. आठ आठवडे
फक्त पॉसमचं मांस आणि उकडलेलं रताळं.
रताळ्यानं रताळं खायचं!
पापा हसले, जेवणभर हसले,
आणि दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं
तेव्हा पुन्हा पहिल्यांदा हसले.
फ्रिजवर तक्ता चिकटवला.
रोज एक फुली, निळ्या शाईची.
तिसाव्या फुलीपाशी कानामागे लव आली,
मऊ, पीचवर असते तशी.
मी कामावरच्या बायकांना फोटो दाखवला,
नातवाचा दाखवावा तसा.

बेचाळिसाव्या दिवशी खाजवून खाजवून रक्त.
खुर्ची सरकवली,
तर खाली आल्याच्या बिस्किटांचा चुरा.
एका दिवसाचा नव्हे. कोपऱ्यात साचलेला.

पापा, तुम्ही दिलंत?
मी नाही.
मग?
तिनं मागितलं.

मी ओरडले. किती पैसे गेले ते सांगितलं,
किती रात्री गेल्या ते सांगितलं,
टायर गुळगुळीत झालेत तरी बदलले नाहीत, तेही.
ते मन लावून ऐकत होते,
दुसऱ्या कुणाच्या तरी घरातलं भांडण ऐकावं तसे.
मग मला आत्याच्या नावानं हाक मारली
आणि चहा झाला का विचारलं.

माझं नाव राहत नाही त्यांच्याकडे.
पण चार वाजता, खुर्चीच्या डाव्या बाजूला,
एक अर्धं तिचं, एक अर्धं आपलं,
हे राहतं.

आज दोनला टक टक झालं नाही.
म्हणूनच उठले.
फरशीवर पापा बसलेले, पायजम्यात, अनवाणी,
तिचा मागचा पाय दोन्ही हातांत धरून.
घट्ट नाही. गोंजारतही नव्हते. नुसता धरून.
ती त्यांच्या मांडीवर घोरत होती,
खपल्यांसकट.
माझ्याकडे बघून हळूच म्हणाले,
किती रोडावलीय गं ही.
हिला कुणी बिस्किटबिस्किट देत नाही का?

बिस्किटांचा डबा मी गाडीच्या डिकीत ठेवून आले.
पापासाठी रताळ्याच्या चकत्या भाजून ठेवल्या,
बिस्किटाच्या मापाच्या,
चार वाजता मोडता येतील अशा.
तक्ता नवा काढला. पहिली फुली.
या वेळी पेन्सिलीनं.