मोजणी

खिडकीबाहेर दोरीला टांगलेली पिशवी,
पिशवीत मेंढीची एक मांडी,
दगडासारखी.
वसतिगृहात फ्रीज नाही, आणि डिसेंबरच्या उलानबातरमध्ये
त्याचं कुणाला काही वाटतही नाही.
परीक्षा लागल्यापासून आम्ही तिघी
रोज तिच्यातून थोडं थोडं तासून घेतो.
अनुजिन म्हणते, मांडी संपेल त्या दिवशी
सत्र संपेल, लिहून ठेवा.

सांख्यिकीच्या आदल्या रात्री
घोकून घोकून जिभेला घट्टे पडले होते,
मध्य, मध्यक, बहुलक,
प्रमाण विचलन, प्रमाण विचलन,
आणि वडिलांचा फोन आला.
रेंजसाठी त्यांना टेकडीवर चढावं लागतं,
त्यामुळे आधी नुसता वारा ऐकू येतो,
मग धाप,
मग ते.

"मोजणी झाली," म्हणाले.
वर्षअखेरची मोजणी. सूमहून बाई आली होती वही घेऊन.
"चारशे बारा."
"परवा तेरा म्हणालात."
"परवा तेरा होत्या."

मी म्हटलं, बाईला चारशेच्या आसपास सांगितलं असतं
तरी चाललं असतं.
आमच्यात त्रुटीची मर्यादा असते, पाच टक्के.
वारा.
"पाच टक्के म्हणजे किती?"
"वीस. एकवीस."
"एकवीस मेंढ्या," ते म्हणाले,
जणू त्यांच्या डोळ्यांदेखत
मी त्या ट्रकमध्ये चढवल्या होत्या.

अभ्यास कुठवर आला, हे काही विचारलं नाही.
एवढंच,
"तुझी ती खिडकी नीट लागते ना?"

लागते, म्हटलं.
फटीत काय काय कोंबलंय आम्ही:
फाटके मोजे, वर्तमानपत्र, ओयुंगेरेलची गळपट्टी,
एक जाडंजुडं पुस्तक.
तरी पहाटे कोळशाचा वास येतोच.
वरच्या गेरवस्त्यांमधला धूर इतका खाली बसतो
की समोरचं ग्रंथालय
नुसतं दिव्यांच्या रांगेवर उभं असतं,
भिंती नसल्यासारखं.

पेपर नऊचा.
शाई गोठू नये म्हणून पेन काखेत धरून गेले.
हॉलमध्ये कुणाचं तरी पोट इतकं गुरगुरलं
की पर्यवेक्षकही हसले,
आणि मग कुणीच हसलं नाही.

प्रश्न चौथा, गुण आठ.
तीनशे मेंढ्यांच्या वजनांची सारणी दिली आहे.
त्यांतली एक वगळल्यास
सरासरीवर होणारा परिणाम नगण्य असतो,
हे दाखवा.

दाखवलं.
सूत्र घातलं, आकडे घातले,
दशांशानंतर शून्यं येत गेली
तशी मी ती लिहीत गेले.
आठपैकी आठ मिळायला हरकत नाही.
फक्त 'नगण्य' लिहिताना
डाव्या कानाला दोन खाचा असलेली,
रांगेत नेहमी मागे राहणारी,
कुठून कोण जाणे, कागदावर येऊन उभी राहिली,
आणि तिला हाकलण्यात
माझी पाच मिनिटं गेली.

मग तो फिरायचा कागद.
घरी जाण्याआधी सहा सह्या लागतात:
वसतिगृह, धोबीखाना, दवाखाना, हिशेब,
पाचवी कुणाची ते अजून कुणाला नक्की माहीत नाही,
आणि सहावी ग्रंथालयात, दुल्माबाईंची.
त्यांनी पुस्तकं टेबलावर रचली,
बोटाला थुंकी लावून मोजली, पुन्हा मोजली.
"अकरा नेलीस. दहा आहेत."

पळत खोलीवर आले.
खिडकीतलं पुस्तक ओढलं तशी
बाहेरची सगळी थंडी एका दमात आत शिरली,
अनुजिन पांघरुणातून मला शिव्या देत उठली.
दोरीवर पिशवी होती, पिशवीत हाड होतं.
पुस्तक ओलं होऊन पावासारखं फुगलेलं,
पहिल्या पानावर बर्फाची पातळ साय.

दुल्माबाईंनी ते उलटून पाहिलं, पालटून पाहिलं,
वास घेतला.
"चार हजार आठशे तुग्रिक."
मी पाच हजारांची नोट पुढे केली. राहू द्या वरचे, म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
खण उघडला,
आणि शंभर, शंभर,
मोजून परत दिले.