दम खा

रुस्तावीत, सतराव्या वस्तीतल्या बेकरीच्या खाली,
अठरा पायऱ्या उतरलं की आमचं तळघर.
भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा कधीचाच गळून पडलाय,
तासकाटा पावणेचारावर अडकलाय,
सेकंदाचा तांबडा काटा तेवढा फिरतो.
अँझोर मास्तर म्हणतात, आपल्याला तेवढा पुरे.

पाच वेळा उचलायचं.
मग त्या काट्याच्या तीन फेऱ्या
दांड्याला बोट लावायचं नाही.

पहिल्या दिवशी मी कामावरूनच आले होते,
इस्पितळाच्या धुलाईखान्यातून,
बोटांना ब्लीचचा वास, टाचा सुजलेल्या.
चाळीस किलो खांद्यावर.
तीन मोजत खाली, बुडाशी क्षणभर, मग वर.
पाच झाले, दांडा ठेवला,
आणि पुढच्या चकतीसाठी लगेच वाकले, सवयीनं:
एका चादरीचा पीळ सुटतोय तोवर
दुसरी हातात असते आमच्याकडे.
मास्तरांनी पायानंच बाक पुढे सरकवला.
"बस."
दमले नाहीये मी, म्हटलं.
"ते विचारलंच नाही. दम खा."

एक्केचाळीस वर्षांत
'आटप लवकर' म्हणणारे ढिगानं भेटले.
बस म्हणणारा हा पहिलाच,
तोही रागावल्यासारखा.

बसले. आधी नुसतं काळीजच ऐकू आलं, कानात,
कपड्यांनी ठासून भरलेल्या मशीनसारखं धडधडत.
मग वर बेकरीत कुणीतरी कणीक आपटली,
छतातून पांढरं काहीतरी माझ्या गुडघ्यावर पडलं,
पीठ होतं की चुना, कळलं नाही.
मांडीतली थरथर
वीज गेल्यावर पंखा फिरत राहतो तशी
फिरत फिरत थांबली.
तिसऱ्या फेरीत काय झालं
ते मला अजून नीट सांगता येत नाही.
उठले तेव्हा दांडा तेवढाच जड होता,
मी मात्र वेगळी होते.

बाचोला हे पटायचं नाही.
सोळा वर्षांचा, वसंतात बातुमीची स्पर्धा,
थांबणं म्हणजे त्याला हरणंच वाटायचं.
चाळीस सेकंद झाले की पुन्हा दांड्याखाली.
एकदा चौथ्या खेपेला दांडा छातीवर येऊन बसला
तो उठेचना.
मास्तरांनी दोन्ही हातांनी काढून घेतला, ओरडले नाहीत.
खडूनं माखलेला त्याचा तळवा उलटा करून पाहिला
आणि म्हणाले,
"बावीस वर्षं भट्टीवर होतो, पोरा.
पोलाद लाल असतं तेव्हा त्याला आकार देतात.
भार ठेवतात ते निवल्यावर."
बाचो 'हो' म्हणाला
आणि पुढच्या वेळी पन्नास सेकंद थांबला.

हिवाळ्यात मास्तरांच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली.
दोन महिने घड्याळ आम्हीच पाहत होतो,
मझिया मोठ्यानं फेऱ्या मोजायची, आणि चुकायची.
परवा ते आले, कोटाच्या दोन्ही गुंड्या लावून,
तासभर बाकावर बसले, फार बोलले नाहीत.
जाताना मात्र नवव्या पायरीवर थांबले.
एक हात कठड्यावर,
दुसरा गुंड्यांवर.

आम्ही खाली. दांडा ठेवल्याचा आवाज विरून गेला.
मी पुढे व्हायला निघाले,
बाचोनं हात आडवा केला.
नजर घड्याळावर.
"एक," म्हणाला.
वर कणीक आपटत होती.
"दोन."
मझिया ओठ दाबून उभी.
"तीन," असं तो म्हणतोय तोच
मास्तरांनी दहाव्या पायरीवर पाऊल टाकलं.
"अजून एक फेरी," बाचो म्हणाला,
"पायरी कुठं पळून चाललीय?"

मास्तर वळले. पोराकडे बराच वेळ पाहिलं.
मग कठडा धरून हळूहळू
तिथंच नवव्या पायरीवर बसले
आणि तिथूनच विचारलं,
दांड्यावर किती आहेत रे आता.