अंगठ्याची टेकडी

पुंता अरेनासला आभाळ मोजक्या रात्रीच उघडतं.
बाकी वारा. इतका, की भर चौकात
धरून चालायला दोर बांधतात.
अशा गावात एदेल्मीराला दुर्बीण बनवायचीय, म्हटल्यावर
हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात हसू फुटलं.
मीही हसले त्यांच्यासोबत.
चादरींच्या घड्या घालत राहिले.
बहीण म्हणाली, त्या पैशात दात बसव.

दात नाही बसवले. काच आणली,
वीतभर रुंद, चांगली बोटभर जाड,
आणि तीन महिने ती पलंगाखाली झोपली.

मग बेकरीवाल्या येर्कोने पावाच्या कागदावर लिहून दिलं:
गुरुवारी, अग्निशमन ठाण्यामागची शेड.
खाली एवढंच: येताना स्वेटर झटकून या.

तिथे पिंपं होती, दगड भरलेली,
आणि त्यांच्याभोवती फिरणारी माणसं.
काचेवर काच, मध्ये पाणी आणि भुकटी.
ढकल, ओढ, पाऊलभर सरक.
ढकल, ओढ.
दळण म्हणावं तर पीठ पडत नाही,
पडतो राखाडी चिखल,
आणि काचेत कुठेतरी एक खळगा धरतो
दोन नखांइतका खोल. त्यात म्हणे
शनी मावतो, कड्यांसकट.

नियम एकच होता:
दुसऱ्याच्या काचेला हात लावायचा नाही.
मला वाटलं, काय तुसडी माणसं.
पण बाकी सगळं चालायचं.
ओतिलिया बोटं शेकायला किटली पुढे करायची.
येर्को कालचा पाव आणायचा आणि आजचा म्हणून द्यायचा.
शाळकरी आयेलेन नखातली भुकटी काढून द्यायची, टूथब्रशने,
घोड्याचे खूर साफ करावेत तशी.
आणि म्हातारा निबाल्दो, गोदीतला,
ज्याची स्वतःची काच मी कधी पाहिली नाही,
माझ्या फेऱ्या मोजायचा.
मी झोपेत चालत असायचे रात्रपाळीनंतर,
त्याचा आकडा जागा असायचा.

अकराव्या महिन्यात ओरखडा पडला.
शेवटच्या मऊ भुकटीत जाड भुकटीचा एक कण,
कुणाच्या तरी बाहीतून आलेला.
केसाएवढी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
आयेलेन स्वतःच्या बाहीकडे बघत रडायला लागली.
मी काच कचऱ्यात टाकायला निघाले,
खोटं कशाला सांगू, त्या पोरीला चार शब्द लावूनही घेतले.
कुणी समजावलं नाही.
ओतिलियाने पिंप धुतलं.
येर्कोने जाड भुकटीचा डबा उघडून ठेवला.
निबाल्दो म्हणाला, एक.
मी जागची हलले नाही.
तो पुन्हा म्हणाला, एक.

काल दिवे मालवून आम्ही काच तपासली.
टाचणीच्या भोकातून येणारा उजेड, पुढे दाढीच्या पात्याची धार,
आणि त्या धारेपाशी डोळा लावला
की काच चंद्रासारखी करडी उजळते,
बालभर चूक असली तरी डोंगर होऊन दिसते.
डोंगर नव्हता.
कुणी ओरडलं नाही. येर्कोने नाक शिंकरलं.

मग मीच नियम मोडला.
हात धुऊन या, म्हटलं सगळ्यांना, आणि अंगठा टेकवा.
आयेलेन आधी. घाबरत.
काचेवर तिच्या उबेची टेकडी उगवली,
खरीखुरी, सावलीसकट.
शेजारी ओतिलियाची, येर्कोची बुटकी आणि पसरट.
निबाल्दो मागे उभा होता.
त्याला उजवा अंगठा नाही, क्रेनच्या तारेत गेला.
डावा खिशात. हे मी वर्षभर पाहिलंच नव्हतं.
त्याने करंगळी टेकवली,
आणि सगळ्यांत उंच तीच निघाली.

काच निवायला बराच वेळ लागतो.
आम्ही अंधारात पाळीपाळीने डोळा लावत बसलो,
टेकड्या एकेक करून सपाट होताना बघत.
बाहेर वारा पत्रे वाजवत होता की थांबला होता,
आभाळ उघडं होतं की नव्हतं,
कुणी बघायला गेलं नाही.